आज दात वाजले का?

आमच्या कुत्र्याचं नाव इथं देत नाही. त्याच नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ पंचक्रोशीत आहेत आणि त्यांना आधीच बऱ्याच गोष्टींचा राग येतो.

मागच्या हिवाळ्यात, ऊसतोडणी सुरू झाली त्या सुमारास, या कुत्र्याचे दात वाजू लागले. खालचा जबडा थरथरायचा आणि बारीक कडकड आवाज यायचा, बहुतेक रोज दिवस मावळताना. थंडी असेल म्हणून वहिनीनं त्याच्या अंगावर गोणपाट बांधलं. सत्कारात मिळालेल्या शालीसारखं ते त्यानं काही दिवस मिरवलं, पण दात वाजायचे थांबले नाहीत.

आमची वस्ती जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. तोड सुरू झाली की बिबट्या, आमच्या बोलीत वाघच, आडोसा शोधत घरांकडे सरकतो. तो मान धरतो म्हणून इथल्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेर टोकं काढलेला खिळ्यांचा पट्टा असतो. अशा मुलखात संध्याकाळी कुत्र्याचे दात वाजले तर अर्थ लावायला वेळ लागत नाही. शेजारच्या बागाईतदारांनी तो लगेच लावला. यांच्या गाडीसमोरून एकदा बिबट्या आडवा गेला होता. तेव्हापासून ते स्वतःला बिबट्याचे अभ्यासक म्हणवतात. बिबट्याचं त्यांच्याबद्दल काय मत झालं ते कळलेलं नाही.

"वास लागतोय त्याला," ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "वाघ दोन रानं पलीकडं असला तरी याला कळतंय. तुमच्याकडं मशीन हाय राव, मशीन."

"खोडदला दुर्बिणीच्या त्या एवढाल्या अँटेना आभाळाचं ऐकत्यात," माझा थोरला भाऊ म्हणाला. "आमचं बेनं उसाचं ऐकतंय."

दादा थट्टेत बोलला होता. अभ्यासकांनी ते वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गंभीरपणे टाकलं.

मग फोन सुरू झाले. कांद्याला पाणी द्यायला निघण्याआधी लोक विचारायचे, "आज दात वाजले का?" वाजले म्हटलं की मोटर बंद आणि पाणी उद्यावर. एकानं तर नारळ आणून दिला. कुत्र्याला नारळाचा उपयोग नसतो, म्हणून त्याची चटणी आम्हीच खाल्ली.

या मानमरातबात कुत्रा मात्र वाळत चालला. भाकरीपाशी यायचा, हुंगायचा, एखादा तुकडा उचलून खाली टाकायचा आणि मागं सरायचा. "वाघ जवळ असल्यावर अन्न कसं जाईल?" अभ्यासक म्हणाले. वहिनीला ते पटेना. मुलं नोकरीला पुण्यात गेली त्या वर्षी तिनं हे पिल्लू बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. आता त्याच्या फासळ्या दिसत होत्या. "असाच खंगला तर उन्हाळा बघायचा नाय हा," असं ती मला म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवून बसली.

एका दुपारी तिनं त्याच्यापुढं फ्रीजमधलं दूध ठेवलं. ऊन चांगलं तापलेलं होतं. भोवतालचा ऊस तुटून गेला होता, त्या मोकळ्या रानात ससासुद्धा लपला नसता. कुत्र्यानं दुधाला जीभ लावली आणि दात कडकडले. मग मान एका बाजूला कलती करून तो जपून पिऊ लागला.

"भावजी, इकडं या," वहिनीनं हाक मारली. "वाघ काय दुधात बसलाय व्हय?"

तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं की दात खाता-पिताना वाजतात. त्याला भाकरी संध्याकाळी मिळायची. दिवस मावळायची वेळ बिबट्याची होती तशी त्याच्या जेवणाचीही होती. इतके दिवस कुणी ताटलीकडं बघितलं नाही, कारण सगळे उसाकडं बघत होते.

"माझी गुडघ्याची अर्धी गोळी देऊन बघू का?" दादानं विचारलं.

"आधी तुमचा गुडघा तर बरा हू द्या," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटला टेकून कुत्रा मंचरला जनावरांच्या दवाखान्यात निघाला. त्याचे दात वाजतानाचा व्हिडिओ मी मोबाईलवर काढून ठेवला होता. कुत्री दवाखान्यात गेल्यावर शहाण्यासारखी वागतात, म्हणून हे बरं असतं. डॉक्टरबाईंनी आधी रेबीजची लस टोचल्याची खात्री करून घेतली, मग व्हिडिओ पाहिला.

"दात थंडीनं वाजतात, भीतीनं वाजतात, मादीचा वास आला तरी वाजतात," त्या म्हणाल्या. "अंग ताठ होऊन शुद्ध हरपत असेल तर फिट असू शकते, तेव्हा घरी थांबायचं नाही. पण खातापिताना वाजले, तर आधी तोंड तपासायचं. माणसाची दुखण्यावरची गोळी तर अजिबात द्यायची नाही. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात."

दादा भिंतीवरचं गाईचं चित्र लक्षपूर्वक पाहू लागला.

बाईंनी कुत्र्याचा ओठ वर केला. वरची मोठी दाढ तुटली होती आणि हिरडी सुजून लाल झाली होती. "लोखंड चावतो का हा?"

आम्ही नाही म्हणणार होतो, तेवढ्यात वहिनी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बघत राहिली. अभ्यासकांचा कुत्रा रोज सकाळी आमच्याकडं खेळायला येतो, आणि यांचा खेळ म्हणजे एकमेकांच्या मानेला तोंड घालणं. त्याचा पट्टा अभ्यासकांनी वेल्डरकडून खास मोठे खिळे लावून करून घेतला होता. बिबट्यासाठी केलेली ती तजवीज आमच्या कुत्र्यानं आधी तपासून पाहिली होती.

भूल देऊन दाढ काढायचं ठरलं. वहिनी बाहेर बाकावर त्याचा पट्टा मांडीवर घेऊन बसली. खिळे पदराला अडकत होते, तिचं लक्ष नव्हतं. बाईंनी दार उघडून "निघाली दाढ, जागा होतोय" म्हटल्यावर तिनं पदर सोडवून घेतला आणि सकाळपासून पहिल्यांदा चहाची आठवण काढली.

नंतर काही दिवस कोमट दुधात कुस्करलेली भाकरी. दिवसा खेळताना दोन्ही कुत्र्यांचे पट्टे काढून ठेवायचे आणि दिवस कलला की चढवायचे, असंही ठरलं. एका संध्याकाळी अभ्यासकांचा फोन आला. वहिनीनं उचलला.

"न्हाई वाजले. आन आता वाजायचे बी न्हाईत. दाढ तुटली व्हती त्याची, तुमच्याच कुत्र्याच्या पट्ट्यावर."

पलीकडून मोठ्या आवाजात प्रश्न आला, "मग मी पाणी द्यायला जाऊ का नको?"

"वाघ हाय का नाय ते आमास्नी काय ठावं? बॅटरी न्या, मोबाईलवर गाणी लावा, आन एकटं जाऊ नका. त्याला जेवू द्या आता."

तिनं फोन ठेवला. कुत्र्यानं ताटली चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत नेली होती आणि तो तिच्याकडं बघत उभा होता. वहिनी आणखी भाकरी आणायला आत गेली.