तराजूकाकांनी मागे ठेवलेला बॉक्स

तराजूकाकांच्या उजव्या तळहाताला ग्रॅम कळत. मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा, अर्धा खाल्लेला वडापाव, काहीही हातावर ठेवा. ते क्षणभर डोळे मिटत आणि आकडा सांगून मोकळे होत. आमच्या दुकानातल्या श्वेताने एकदा शेजारच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर त्यांचा आकडा पडताळून पाहिला. चार ग्रॅमचा फरक निघाला. काका गंभीरपणे म्हणाले, "त्याला म्हणावं, काटा तपासून घे." सगळी नोकरी वजनमापे खात्यात, बाजारातली वजनं आणि काटे तपासण्यात गेलेली. तराजूकाका हे नाव श्वेताने त्याच दिवशी ठेवलं.

मी तेव्हा मालाडच्या एका मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानात उभी असायचे. नोकरी करायचे असं म्हणायला हवं, पण खरं काम उभं राहण्याचंच होतं. गिऱ्हाईक असो नसो, स्टूल मिळायचं नाही. दुपार कलली की पाय सुजून चपलेत मावेनासे व्हायचे. आणि समोर ते ब्लाइंड बॉक्सचं शेल्फ. आत कुठलं बाहुलं आहे ते बाहेरून कळत नाही. घ्यायचं, फोडायचं आणि बहुतेक वेळा तोंड पाडायचं. त्या वर्षी मांजरांची एक मालिका जोरात होती. शेफ मांजर, पोस्टमन मांजर, डॉक्टर मांजर, अशी बारा साधी, आणि तेरावं सीक्रेट. सीक्रेट मिळण्याची शक्यता एकशेचव्वेचाळीसात एक, असं बॉक्सच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं असे. बायका नारळ घेताना हलवून बघतात, तशी चांगली शिकलीसवरलेली माणसं ते बॉक्स कानाशी नेऊन हलवत. 'हलवू नये' ही पाटी मीच लावली होती आणि दिवसातून वीसदा ती मलाच वाचून दाखवावी लागे. मला त्या सगळ्या प्रकाराचा वीट आला होता.

काका मुलुंडला राहत. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दोन बस बदलून साडेतीनलाच येत आणि दुकानासमोरच्या बाकावर बसत. चार वाजता त्यांची नात रेवा यायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे आईवडील वेगळे झाले होते. वडिलांनी मुलीला महिन्यातून दोन शनिवार, चार ते सहा, असं भेटावं हे कोर्टाने ठरवून दिलेलं. वडील, म्हणजे काकांचा मुलगा, तीन-चारदा आले, मग नोकरीसाठी दुबईला गेले आणि हळूहळू त्यांचे फोनही थांबले. त्यांच्या जागी काका येऊ लागले.

"कागदावर माझं नाव कुठेच नाही," ते एकदा मला म्हणाले. "रेवाची आई भली आहे म्हणून चाललंय. म्हणाली, बाबा, तिला यावंसं वाटतंय तोवर तुम्ही या. मी तिला ओढून आणणार नाही."

आता नऊ वर्षांच्या मुलीला आजोबांना भेटायला यावंसं वाटत राहायचं, तर काहीतरी हवंच. ते काहीतरी म्हणजे आमचं शेल्फ.

एका शनिवारी एकच बॉक्स, हा काकांचा नियम. बॉक्स घेतला तरी तो लगेच फोडायचा नाही. दोघांच्या मध्ये बाकावर तो ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, आईने कुठला नवा पदार्थ बिघडवला, गणिताच्या बाई कशा आहेत. रेवाचे हात शिवशिवत असायचे. "आजोबा, फोडू ना आता!" "थांब गं. फोडल्यावर मग काय करायचं?" सहाला दहा मिनिटं कमी असताना बॉक्स फोडला जाई. एका बॉक्समधून पावणेदोन तास काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्या वर्षातच बारा मांजरं जमली. मग सुरू झाली ती आधीचीच पुन्हा पुन्हा.

"यार आजोबा, परत शेफवाली! पाचवी आहे ही!" रेवा वैतागायची. "आता तर सीक्रेट यायलाच पाहिजे. चाळीस झाले!"

"बॉक्सला मागचं आठवत नसतं, बाळा," काका म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मागच्या वेळी हिला दिलं नाही, या वेळी देऊ या, असं त्याच्या मनात येत नाही." मलाही त्यांनी काउंटरवर एकदा हे गणित समजावलं होतं. एकशेचव्वेचाळीस बॉक्स घेतले की एक सीक्रेट हमखास, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तेवढे घेऊनही तिघांतला एक जण हात हलवत परत जातो. "लोकांना छापलेला आकडा वचन वाटतो," असं म्हणून ते हसले, आणि का कुणास ठाऊक, मला त्यांच्या मुलाची आठवण झाली, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

सीक्रेट मांजर चौथऱ्यावर बसलेलं होतं, त्यामुळे ते बाकीच्यांहून किंचित जड. मी न राहवून विचारलं, "काका, तुमच्या हाताला कळत असेल ना?"

"कळतं की."

"मग घ्या ना एकदा उचलून. किती वाट बघतेय बिचारी!"

"हाताने तोलून घ्यायचं? ही बेइमानी झाली. जन्मभर लोकांना मी कशासाठी पकडलं मग?"

मला हे फार भावलं. दिवसभर बॉक्स हलवणाऱ्यांशी डोकं लावणाऱ्या बाईला असा एक माणूस भेटला की बरं वाटतं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अशा माणसांचीच वाट लागते."

दोन वर्षं अशी गेली. रेवा अकराची झाली. आता बाकावर बसल्यावर तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये असायचं. काका एक प्रश्न विचारत, ती "हं" म्हणे. एका शनिवारी क्लास आहे म्हणून आली नाही, नंतरही एक शनिवार चुकला. त्या दोन्ही दिवशी काका साडेतीन ते सहा बसून राहिले. फोन केला नाही. "तिला भरीला घालायचं नाही असं ठरलंय ना आमचं," म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली. काका नेहमीप्रमाणे शेल्फापाशी उभे राहून एकेक बॉक्स उचलून पुढे ठेवत होते. त्यातून रेवा एक निवडायची. एका बॉक्सवर त्यांचा हात थांबला. डोळे मिटले गेले. मग त्यांनी तो अगदी खालच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे ठेवून दिला. मी तीन फुटांवर होते. मला काय ते कळलं. वाटलं, या सज्जन माणसाचा सज्जनपणा काही सुटायचा नाही आणि इकडे पोरगी कंटाळून यायची बंद होईल. बेइमानी न करण्याची शपथ त्यांनी घेतली होती, मी नाही. काका पाकीट काढायला वळले तेवढ्यात मी तो बॉक्स पुढे घेतला आणि रेवाला डोळा मारला. "हा घेऊन बघ गं."

त्या दिवशी सहाला दहा कमी असताना रेवा जी किंचाळली, ती वरच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. सीक्रेट मिळालं की सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवायच्या, असा आमच्याकडे नियम होता. आम्ही वाजवल्या. या वेळी मनापासून. रेवा काकांच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आभार मानताहेत. मान हलवून मी "असू दे" म्हटलं.

"सगळा सेट झाला, आई!" रेवाने न्यायला आलेल्या आईला ओरडून सांगितलं.

"सुटलीस एकदाची," आई म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले.

पुढच्या शनिवारी रेवा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या वेळी काका बाकावर बसलेच नाहीत. सरळ काउंटरवर आले.

"तो बॉक्स मी मागे ठेवला होता," ते म्हणाले.

"मी पाहिलं होतं, काका. म्हणून तर..."

"हो, तू तो पुढे काढलास ते मीही पाहिलं. दोन वर्षांत तीनदा हाताला लागला तो. तिन्ही वेळा मागे सारला. बेइमानी मीच करत होतो, पोरी. सेट पुरा झाल्यावर ती कशाला येईल?"

मी सतरा गिऱ्हाइकांची मनं ओळखते अशी माझी समजूत होती. सीक्रेट नको असलेला एक माणूस दोन वर्षं माझ्यासमोर उभा होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"काका, मी..."

"थांब, माझं ऐक. दोन वर्षं ती मला 'बाय आजोबा' म्हणून जायची. लांबूनच. तिची तरी काय चूक, ओळखच तेवढी. त्या दिवशी गळ्यात पडली. ते तुझ्यामुळे झालं. आभार मानायला आलोय."

तेवढ्यात एका बाईने माझ्यापुढे दोन बॉक्स नाचवले, "यातल्या कशात सीक्रेट आहे, सांगा ना!" तिला वाटेला लावून मी वळले तर काका सरकत्या जिन्यावरून खाली पोचले होते.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी साडेतीनपासून दाराकडे डोळे लावून उभी होते. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते आले नाहीत. चौथ्यालाही नाहीत. मुलुंडला कुठे राहतात, खरं नाव काय, यातलं काहीच मी कधी विचारलं नव्हतं. वर्षभराने मी ती नोकरी सोडली. पाय आता सुजत नाहीत. पण त्या दिवशी मी मुकाट्याने उभी राहिले असते, तर त्या माणसाला आणखी काही शनिवार मिळाले असते, हे माझ्या मनातून जात नाही. ते येऊन आभार मानून गेले. त्यांची माफी मागायची मात्र माझ्याकडून राहून गेली.