टॅक्स वाचतो म्हणून

मार्च लागला की वडूजचे काका यायचे. ते आणि पप्पा एकाच पलटणीत होते. निवृत्त झाल्यावर पप्पा गावी येऊन ऊस करू लागले आणि काकांनी विम्याची एजन्सी घेतली. मोटरसायकलच्या हँडलला पिशवी अडकवलेली असायची, तिच्यात त्यांच्या रानातली मटकी. तोवर आमचा ऊस कारखान्याला गेलेला असायचा, रानात पाचट पसरलेलं असायचं, आणि अंगणात दोघं चहा घेत बसायचे. मी दाराच्या आड.

"टॅक्स वाचतोय गड्या. आणखी एक काढून ठेव."

"माझ्या पेन्शनीवर असा किती टॅक्स असतोय रं?"

"किती का आसंना. सरकारला देण्यापरीस पोरांना ठेव."

मरण हा शब्द त्या अंगणात कधी कुणी काढला नाही. फार तर "काय कमीजास्त झालं तर" इथपर्यंत काका यायचे. तेवढ्यात पप्पा पलटणीतल्या एका हट्टी खेचराची गोष्ट काढायचे आणि दोघं हसत सुटायचे. ते खेचर दरवर्षी थोडं जास्त हट्टी व्हायचं.

मी कऱ्हाडला इंग्रजी शाळेत जायचे, म्हणून फॉर्म भरायचं काम माझं. एका चौकोनात एक अक्षर. एरवी घरात माझा आवाज फारसा कुणाला ऐकू यायचा नाही, पण त्या दिवशी काका हाक मारायचे, "आमचं हेडक्लार्क कुठं गेलं?" मला तो दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा.

त्याच अंगणात आत्याला एकदा नवी साडी मिळाली होती. ती हक्कसोडीची. आमच्याकडे बहिणी वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाला सोडून देतात. रजिस्टर ऑफिसात सही होते, भाऊ साडी-चोळी करतो, जेवण घालतो. जबरदस्ती कुणी करत नाही आणि नको असंही कुणी म्हणत नाही. त्याआधी आत्या संक्रांतीला आली की सरळ रानात शिरायची आणि कवळाभर हरभरा उपटून आणायची. त्या वर्षी ती बांधावर उभी राहिली आणि पप्पांना म्हणाली, "चार ढाळं घिऊ का रं?"

"इचारतीस काय, घे की," पप्पा म्हणाले.

पुढच्या वर्षीही तिनं विचारलं. दरवर्षी विचारते.

आता मी सांगलीत नोकरी करते. लग्नाची बोलणी चालू आहेत. यंदा पप्पा फोनवर म्हणाले, "लग्नाआधी तुझी सही उरकून घिऊ." मी "बरं" म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना बरंच म्हणते. फोन ठेवल्यावर मात्र डोळ्यांसमोर तो बांध आला.

मार्चमध्ये मी घरी गेले त्याच दिवशी काका आले. केस पांढरे झालेले, पिशवी तीच. आत्याही आलेली होती. तिनं मटकी सुपात घेतली आणि निवडायला बसली.

"टॅक्स वाचतोय गड्या," काकांनी सुरुवात केली.

पप्पांचं रिटर्न हल्ली मी भरते. मी म्हटलं, "काका, आता नव्या पद्धतीनं भरतो. तीत विम्याची सूट नाही."

माझा मोठा भाऊ, दादा, उंबऱ्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "मग ह्यो नवा विमा कशापायी?"

पप्पा कप बशीत फिरवत राहिले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"जमीन तुझी ऱ्हाईल," ते दादाला म्हणाले. "ही सही करंल. मग हिला काय? म्हणून ह्ये. सगळ्या पॉलिशींवर हिचंच नाव घालायचं."

"लोकांना आमी ह्येच सांगतो," काका म्हणाले. "जमिनीचं तुकडं न्हाईत, भावाबहिणीत कोरट न्हाई. दोघांस्नी सारखं."

आत्या सुपातून मान वर न करता म्हणाली, "मला साडी, हिला इमा. सुधारणा हाय की."

मला एकदम वाईट वाटलं, पण त्यांना वाटलं असेल त्या कारणानं नाही. मी चौकोन भरत होते त्या सगळ्या मार्च महिन्यांत हा माणूस माझा विचार करत होता, आणि टॅक्सच्या आड लपून करत होता. तरी दादाचा हिस्सा समोर हिरवा उभा राहणार होता. माझा मात्र पप्पा नसतील त्या दिवशी येणार होता.

"उलटं करा," मी म्हटलं. काकांनी कानामागे हात धरला, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "उलटं करा. विमा दादाला द्या. जमिनीत माझं नाव राहू दे."

दादा हसला. "म्हंजे मला कवा मिळणार ते?"

उत्तर त्याचं त्यालाच कळलं. त्यानं पप्पांकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडे.

"मला नगं असलं," तो म्हणाला.

"मलाही."

पप्पांनी विचारलं, "तू येणार हायस व्हय ऊस लावायला?" आवाजात राग नव्हता.

"नाही. ऊस दादाच लावेल. पण मला हरभरा विचारून घ्यायचा नाही."

आत्याचा सुपातला हात थांबला.

दादाच बोलला मग. "ऱ्हाऊ द्या की नाव. सातबाऱ्यावर जागा लय हाय."

पप्पा उठून गोठ्यापर्यंत जाऊन आले. परत येऊन बसले आणि काकांना म्हणाले, "इम्यावर दोघांची नावं घाल. निम्मं निम्मं."

"सगळं प्लॅनिंग घालीवलं ह्या हेडक्लार्कनं," काका म्हणाले आणि टॅबलेट माझ्याकडे सरकवला. आता चौकोन नसतात, तरी मी सवयीनं कॅपिटलमध्येच लिहिलं.

निघताना त्यांनी रिकामी पिशवी हँडलला अडकवली आणि गाडीवर बसून थांबले.

"आता टॅक्स बी न्हाई. फुडच्या मार्चला काय सांगून यायचं मी?"

"मटकी घिऊन ये," पप्पा म्हणाले.