कुलूपवाल्याची पोर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुलपं दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. सगळे त्याला खटका म्हणायचे. कुलपाचा खटका बसला की नाही, हे तो नुसत्या बोटाच्या टोकानं ओळखायचा, हे एक कारण. दुसरं कारण असं, की त्याच्या स्वतःच्या मनात कायम कसला ना कसला खटका असायचाच. कुणी किल्ली हरवली म्हणून आलं, की आधी उलटतपासणी. कुठं हरवली? कशी हरवली? घर तुमचंच ना? त्याला ऐकू जरा कमी यायचं, पण ते तो कबूल करायचा नाही. "लोक पुटपुटतात, त्याला मी काय करू?" म्हणायचा. आणि दोन माणसं पुटपुटताना दिसली, की ती आपल्याबद्दलच बोलतायत असं धरून चालायचा.

त्याची बायको म्हणायची, "दुसऱ्यांची बंद दारं उघडून उघडून ह्यांचं असं झालंय."

लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. मुलगी झाली. गोल तोंडाची, बाहुलीसारखी, म्हणून सगळे तिला ठकी म्हणायला लागले. ही ठकी म्हणजे खटक्याचा जीव की प्राण. पण पोर चालायला लागली आणि घराला जणू दृष्ट लागली. आधी उंबऱ्याला अडखळून पाय मोडला. मग आई झगा बदलत असताना कोपराजवळ हाड मोडलं. आणि एकदा हातभर उंचीच्या पलंगावरून उतरताना पडली, तर थेट मांडीचं हाड.

प्रत्येक वेळी तिला लहान मुलांच्या इस्पितळात न्यायचे. तिथं पैसे पडत नसत, आणि खटक्याला तेच पहिल्यांदा खटकलं. फुकट कोण काय देतं? इस्पितळाच्या दारात एक मोठा फलक होता. दर वर्षी त्यावर नवा मजकूर रंगवायचे: यंदा किती मुलं बरी होऊन घरी गेली, नवजात बाळांसाठी नवी खोली झाली, गावातल्या सुतारांनी पाळणे करून दिले, गादीवाल्यांनी गाद्या भरून दिल्या. खटका फलकासमोर उभा राहून म्हणायचा, "बरी झाली तेवढी लिहिलीत. न झालेली कुठं लिहिलीत?"

मांडीच्या वेळी मात्र गोष्ट वेगळ्या वळणाला लागली. तरुण डॉक्टरीणबाई सगळ्या अंगाचा काढलेला एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फासळीवर बोट ठेवलं.

"हे जुनं मोडलेलं आहे. आपोआप जुळलंय. हे कधी झालं?"

"हे? हे झालंच नाही," खटका म्हणाला.

"झालंय. दिसतंय ना."

त्यांचा आवाज गोडच होता, पण त्यानंतर नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. घरात कोण कोण असतं? पोर रडली की काय करता? राग कुणाला येतो? खटक्याला अर्धं ऐकू आलं आणि उरलेलं त्यानं कल्पनेनं भरलं. बाहेर येऊन तो बायकोला म्हणाला, "तू आत काय बोललीस?"

"जे झालं ते. तुम्ही काय बोललात?"

"मी काही बोललो नाही."

"मग त्यांना वाटेलच ना!"

पोरीला वॉर्डात ठेवून घेतलं. आईबापांनी भेटायचं ते सिस्टरच्या समोर. पुढं इस्पितळाच्या समाजसेविका घरी आल्या. स्वभावानं शांत, हातात छत्री, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत आलेल्या. त्यांनी पलंग बघितला, उंबरा बघितला, खिळ्याला टांगलेला पट्टा बघितला, खटक्याच्या पकडी आणि हातोडी बघितली. जाताना शेजारच्या दोन घरांत डोकावून गेल्या. बस्स, गल्लीला तेवढं पुरलं. काल हसून बोलणारे लोक आज खटक्याला बघून दुसऱ्या बाजूनं जायला लागले. इस्त्रीवाला एवढंच म्हणाला, "पोर कशी आहे?" पण ते त्यानं अशा सुरात विचारलं, की खटका दुकान बंद करून घरी गेला.

पुढचं सगळं त्यानंच फार नंतर सांगितलं, म्हणून कळलं. त्या दिवशी भाजी चिरणाऱ्या बायकोसमोर तो उभा राहिला आणि म्हणाला, "दिवसभर मी दुकानात असतो. घरात तू असतेस."

तिच्या हातातली सुरी थांबली. "हे तुम्ही बोललात?"

"मी फक्त म्हणतोय."

"मग मीही म्हणते. झगा बदलताना माझ्या हातात मोडलं, ते मी सांगितलं. फासळी कुणाच्या हातात मोडली, ते कोण सांगणार? तिला उचलून गरागरा कोण फिरवतं?"

त्यानंतर त्या घरात बोलणं कामापुरतं राहिलं. दोघं एकमेकांच्या हातांकडे बघायचे.

खटक्याला खरी भीती वेगळीच होती, आणि ती त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती. लहानपणी त्याचाही हात मोडला होता, पायही मोडला होता. त्याचा बाप पत्र्याच्या ट्रंका करायचा. दणकट माणूस, आवाज मोठा. तेव्हाची गल्ली म्हणायची, बापानं पोराचा हात पिरगाळला. खटक्याला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण इतक्या जणांकडून इतक्यांदा ऐकलं, की ते आठवल्यासारखंच झालं. आई गेली तसं त्यानं घर सोडलं, आणि बापाचं तोंड पुन्हा बघितलं नाही. आता इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या त्याला वाटायचं, बापाचं रक्त आपल्यात उतरलं नसेल कशावरून? आपण पोरीला कधी जोरात धरलं असेल, आणि आपल्यालाच ते कळलं नसेल, तर?

असा संशय एकदा स्वतःवर बसला, की माणसाला कुठं तोंड लपवावं तेच कळत नाही.

एके दिवशी तो वॉर्डाच्या काचेबाहेर बसला होता. आत सिस्टर ठकीची कूस बदलत होती. वयानं मोठी, सावकाश काम करणारी बाई. त्याला आवाज आला नाही, पण पोरीचं तोंड वेडंवाकडं झालेलं दिसलं आणि सिस्टरचे हात जागच्या जागी थिजलेले दिसले. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. खटका धावत आत गेला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा: आता हेही माझ्याच माथी मारणार.

सिस्टरनं त्याच्याकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईंना हाक मारली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दंडाचं हाड मोडलं. माझ्या हातात मोडलं. मी नुसती कूस बदलत होते, जोर लावला नव्हता."

"नक्की?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझे हात आहेत, मला माहीत."

गप्प बसली असती तर तिचं कुणी काही वाकडं करू शकलं नसतं. बाप आत आला होता, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. ती तरी का बोलली, हे खटक्याला पुढं कितीतरी दिवस उमगत नव्हतं.

मग हाडांचे मोठे डॉक्टर आले. त्यांनी ठकीच्या दंडाआधी तिचे डोळे बघितले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढराशुभ्र नव्हता, धुरकट निळसर होता. घरात सगळे त्याचं कौतुक करायचे. डॉक्टर वळून खटक्याला म्हणाले, "जरा खिडकीकडे तोंड करा."

"माझं कशाला?"

"करा हो."

ते जवळ येऊन बघत राहिले. "ऐकायला कमी येतं का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही, मी विचारतोय. लहानपणी हाडं मोडली होती?"

खटक्यानं नजर खिडकीबाहेर वळवली. मग म्हणाला, "मोडली नव्हती. बापानं मोडून ठेवली होती."

"तुम्हाला आठवतंय?"

"लोक सांगायचे."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसून, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं. काही माणसांची हाडं जन्मतःच ठिसूळ असतात. ते रक्तातून येतं. त्यातल्या काहींचे डोळे असे निळसर दिसतात, काहींना वय वाढलं की ऐकू कमी येतं. मोठेपणी मोडणं कमी होतं, म्हणून माणूस विसरूनही जातो. "तुमच्या मुलीला बहुतेक तेच आहे. आणि तुम्हालाही."

दुसरा कुणी असता तर रडला असता. खटका म्हणाला, "सिस्टरला वाचवायला तुम्ही हे रचताय."

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "रक्त तपासणीला पाठवू. तोवर माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त एक काम करा. वडील आहेत का? त्यांना घरातल्या माणसांबद्दल विचारून या."

तपासणीचं उत्तर यायच्या आधीच तो बापाच्या दारात गेला. म्हातारा ओसरीवर बसला होता, वाळून काटकी झालेला. लेकाला बघून उठला नाही.

"काय काम काढलंस?"

"आप्पा, आईचे डोळे कसे होते?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे रोखून बघितलं. यात काही डाव आहे का, हे चाचपून बघावं तसं. "तुझ्यासारखेच. निळसर झाक. तिचाही पाय लहानपणी दोनदा मोडला होता म्हणे. का?"

खटक्यानं सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. शेवटी खटका म्हणाला, "तुम्ही मला मारलं नव्हतं, तर तसं सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं. ज्याला त्याला सांगितलं. कुणी ऐकलं?" म्हातारा म्हणाला. "पुढं पुढं तुझी आईसुद्धा माझ्या हातांकडे बघायला लागली. मग मी सांगायचं सोडून दिलं."

खटका ओसरीच्या पायरीवर बसून राहिला, आणि निघताना एवढंच म्हणाला, "नात बघायला चला."

तपासणीचं उत्तर मोठ्या डॉक्टरांनी म्हटलं होतं तसंच आलं. ठकीला ठरावीक महिन्यांनी सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. आता खटक्याला वाटलं, समाजसेविका माफी मागतील. तो त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास झाला, त्याचं वाईट वाटतं मला. पण उद्या असं दुसरं मूल आलं, तर मी पुन्हा हेच विचारीन. तुमच्या पोरीच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता ना, त्याला खरंच घरात मारत होते. त्यालाही विचारूनच बाहेर काढला."

खटका परत फिरला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "बाई खरं बोलते. कडू आहे, पण खरं बोलते." मग चपला काढता काढता, "आणि मी तुला बोलायला नको होतं."

"नको होतं," बायको म्हणाली. पण त्या दिवशी तिनं त्याच्या शेजारी बसून जेवण केलं.

वर्षअखेरीला इस्पितळाच्या अंगणात वार्षिक सभा भरली. खटका शेवटच्या रांगेत बसला, बायकोला शेजारी घेऊन. कशाला आला? तर आपलं नाव घेतात की काय, हे बघायला. मोठे डॉक्टर बोलायला उभे राहिले. वर्षाचं काम सांगितलं, मदत करणाऱ्यांचे आभार मानले. मग म्हणाले, "यंदा आमच्या हातून एका घरावर अन्याय झाला. त्या आईबापांवर आम्ही संशय घेतला. संशय घेणं हे आमचं कामच आहे, पण तपासायला आम्हाला उशीर झाला. आता ठिसूळ हाडांच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळा ठेवलाय. त्यांना उचलायचं कसं, ते आमच्या सिस्टर आईबापांना शिकवतील." नाव त्यांनी घेतलं नाही. बायकोनं खटक्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "हे फलकावर लिहितील का, ते बघू."

लिहिलं नाही. फलकावर फक्त 'ठिसूळ हाडांच्या मुलांसाठी नवा विभाग' एवढीच ओळ रंगवली. खटक्यानं ती वाचून मान हलवली.

पण डॉक्टर सभेत बोलले ते गल्लीत पोचलं. सुतारानं पलंगाचे पाय कापून तो जमिनीलगत केला. गादीवाल्यानं पलंगाभोवती जाड गाद्या शिवून दिल्या. इस्त्रीवाला येऊन उंबऱ्याशी घुटमळला आणि न बोलता परत गेला. ती त्याची माफी असावी.

औषधाच्या दिवशी म्हातारा पहिल्यांदा वॉर्डात आला. सिस्टरनं त्याला दाखवलं: काखेत हात घालून उचलायचं नाही, पाय धरून ओढायचं नाही. एक हात बुडाखाली, दुसरा खांद्यामागं, बोटं पसरून. म्हाताऱ्यानं तसेच हात घातले. त्याला कळत होतं की लेक आपल्या हातांकडेच बघतोय.

"बघ, नीट बघ," तो म्हणाला.

"बघतोय," खटका म्हणाला. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार! पण पुढच्या खेपेला सलाईन चालू असताना तो औषधं आणायला खाली गेला, आणि परत आला तर ठकी आजोबांच्या मांडीवर झोपली होती.

ठकी शाळेत जायला लागली. मोडणं कमी झालं, पण पुरतं थांबलं नाही. एकदा बाकावरून उतरताना तिचं मनगट मोडलं. निरोप आला तसा खटका दुकान टाकून पळत शाळेत गेला आणि बाईंसमोर उभा राहिला. "कशी पडली? कुणी ढकललं? तुम्ही कुठं होता?"

नवीन लागलेली बाई होती. ती नकळत आपले हात मागं लपवायला लागली. खटक्यानं ते बघितलं. त्याच्या तोंडातले पुढचे प्रश्न तिथंच राहिले.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "हिला अशी उचला, खांद्यामागून हात घालून. हं, अशी. चला, आपण दोघं नेऊ इस्पितळात."