बाहेरचे सदस्य

कुठलीही गोष्ट पुरी झाली असं मान्य न करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या मोशीच्या सोसायटीत, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला होता. चाकणकडच्या एका कंपनीत तयार माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सोसायटी त्यांना आबा म्हणायची. लग्नात जेवून उठले की ते आचाऱ्याला गाठून म्हणत, "झ्याक झालं. आता ह्याच्यापुढं काय करता येईल?" तो बिचारा पंगत सोडून विचारात पडायचा. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी दाराचं तोंडभर कौतुक केलं आणि बिजागरी जरा कुरकुरते म्हणून दारच उतरवून ठेवलं. गुरुजी आले ते नुसत्या चौकटीतून.

मी बी.एड. कॉलेजात भावी शिक्षकांना शिकवतो. 'विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं' या विषयावर मी वर्षानुवर्षं सलग पन्नास मिनिटं, मध्ये कुणालाही बोलू न देता, व्याख्यान देत आलो होतो. अभ्यासक्रमाचा वार्षिक आढावाही माझ्याकडेच असे. म्हणजे विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे, त्यात सगळीकडे 'उत्तम' आलं की अहवाल लिहायचा, समोसे मागवायचे आणि सह्या घ्यायच्या. एका वर्षी नियमाप्रमाणे समितीवर बाहेरचा एक सदस्य हवा होता. आबा शेजारीच राहत होते आणि शिक्षणातलं त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून मी त्यांचं नाव घातलं. माणसं ओळखण्यात मी इतका कच्चा असेन असं मलाही वाटलं नव्हतं.

बैठकीत मी वाचलं, "सर्व विद्यार्थी समाधानी आहेत." आबांनी समोसा खाली ठेवला. "कशावरून?" मी फॉर्मचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी विचारलं, "हे मार्क द्यायच्या आदी भरून घेतलं का नंतर?" मी म्हणालो, "आधी." "मंग समाधानीच असणार. बरं, हितनं गेलेली पोरं शाळंत काय करत्यात, ते कुणी जाऊन बघितलं का?" प्राचार्यबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

पुढच्या सोमवारी आबा स्कूटर काढून गेटपाशी उभे. चाकणजवळच्या एका शाळेत आमची पहिली आलेली विद्यार्थिनी शिकवत होती. तिच्या नमुना पाठाचा व्हिडिओ मी दरवर्षी कौतुकाने सगळ्यांना दाखवायचो. आम्ही पोचलो तेव्हा ती साठ-पासष्ट मुलांसमोर घसा फोडून ओरडत होती. मधल्या सुट्टीत आमच्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "सर, राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय."

मी लगेच शिक्षकाच्या अंतःप्रेरणेवर बोलायला लागलो. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि तिला म्हणाले, "पयला दिवस कसा गेला ते सांगा, बाई."

"कॉलेजात पाठ घ्यायचे तेव्हा समोर माझ्याच मैत्रिणी बसायच्या," ती म्हणाली. "त्यांना उत्तरं आधीच सांगून ठेवलेली असायची. इथे कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, कुणी नांदेडकडचं. अर्ध्या वर्गाला माझी भाषाच कळेना. दहा मिनिटांत माझं सगळं संपलं. वाटलं, मीच कमी पडतेय."

"माल वाकडा आला तर आमी मालाला बोल लावत न्हाई," आबा म्हणाले. "मशीन तपासतो." आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतकं निरखून मला सासऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. मग ते तिला म्हणाले, "कागद म्हैनाभर ऱ्हाऊ द्या पर्समधीच. सर दर बुधवारी येत्याल." मला कुणी विचारलं नाही.

पहिल्या बुधवारी तिचा वर्ग मी घेतला. वीस मिनिटं मन लावून शिकवल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने आदबीने विचारलं, "सर, आप कब जाओगे?" मागे बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीला हसू आवरेना. त्या शाळेत रुजू झाल्यापासून बहुधा ती पहिल्यांदाच हसली असावी. पुढच्या बुधवारी आम्ही दोघांनी मिळून दोन्ही भाषा येणारी मुलं हेरली आणि प्रत्येक बाकावर एकेक बसवली. मराठीचा तास हिंदीतून, भोजपुरीतून, हातवाऱ्यांतून रखडत पुढे सरकला, पण सरकला. महिना संपला तेव्हा तिने राजीनाम्याचं नाव काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेव्हापासून आमचे विद्यार्थी आधी दोन महिने खऱ्या वर्गात जाऊन बसतात, मग माझ्याकडे येतात. नोकरीला वर्ष झालेल्यांना आम्ही बोलावून विचारतो, काय उपयोगी पडलं, काय नाही. माझ्या तासावरही विद्यार्थी नाव न घालता लिहितात. पहिल्याच वर्षी एकाने लिहिलं, 'सरांनी मध्ये श्वास घ्यावा.' आबांनी ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

दोन वर्षांपूर्वी आबा चाकणपलीकडे गावी, धाकट्या भावाकडे राहायला गेले. यंदाचा अहवाल घेऊन मी त्यांना भेटायला गेलो. नजर अधू झालीय, म्हणाले, "तुमीच वाचा, सर." ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून मी वाचायला लागलो. तिसऱ्या पानापर्यंत आबांनी ऐकलं आणि भिंतीला टेकून तसेच झोपी गेले. मी थांबलो नाही. उरलेली पानं शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. एकाही वाक्याला कुणी अडवलं नाही. मला आयुष्यभर असाच श्रोता हवा होता, आणि आता तो मिळाला तर काही केल्या बरं वाटेना. अंगणातलं ऊन हळूहळू कुंपणापर्यंत गेलं. मी कागद मांडीवर ठेवले आणि त्यांना जाग येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.