डबलरोटी कोणासाठी होती

माझी आई शकुबाई सेवाग्रामला दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये एका डॉक्टरीणबाईंकडे दोन वर्षं स्वयंपाकाला होती. मी तेव्हा सातवीत होते. तिथून ती एक पदार्थ शिकून आली, ढेमशाचे, म्हणजे टिंड्याचे काप. कोवळं ढेमसं गोल चिरायचं, मीठ लावून पाणी सुटू द्यायचं, फडक्यानं टिपायचं, तिखट-हळदीच्या पातळ बेसनात बुडवायचं आणि वाळलेल्या डबलरोटीच्या चुऱ्यात दोन्ही बाजूंनी दाबायचं. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर चुरा तेलात सुटतो. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात तळलेला काप दाताखाली कुरकुर वाजायचा. सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यातलं खरवडून खाणारी ही बाई वर्षातून एक-दोनदा, ढेमशांच्या दिवसांत, हे स्वतःसाठी करायची. एवढीच तिची चैन.

आता आमच्या गावात धडधाकट माणूस डबलरोटी आणत नसे. ती आजाऱ्याला दुधात बुडवून द्यायची वस्तू. १९८१च्या उन्हाळ्यात, मी लग्नाची झाले होते तेव्हा, आईनं वर्ध्याहून डबलरोटी आणून तिचे तुकडे अंगणात बाजेवर वाळत घातले. शेजारच्या कवडूनं ते पाहिले आणि कुंपणापलीकडून बाबांना विचारलं, "काऊन नानाजी, घरी कोनी बिमार आहे का?"

खरं सांगायला किती शब्द लागले असते? पण एवढं तेल ओतून भाजी तळायची, तीही बायकोच्या हौसेखातर, हे सांगायची बाबांना लाज वाटली. "मलेच जरासा खोकला आहे," ते म्हणाले. चांगला ठणठणीत माणूस, सकाळीच दोन भाकरी खाऊन वावरात जाऊन आला होता.

तो खोकला आठ दिवसांत कारंज्याला पोचला. तिथल्या एका मास्तराशी माझं जवळजवळ ठरलं होतं. खोकल्याचा वाटेत क्षय झाला आणि तिकडून निरोप आला की मुलीच्या बापाच्या छातीचा फोटो काढून दाखवा, मगच पुढचं बोलू.

आई भडकली. "कवडूले जाऊन सांगा ना, खोकला-बिकला काही नाई म्हनून."

बाबा तेवढंही करायला तयार नव्हते. चारचौघांत हसं होईल म्हणे. त्यापेक्षा दोन दिवस दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं त्यांना सोपं वाटलं. पोरीचं लग्न टांगणीला लागलं तरी चालेल, पण बायको घरात काप तळते हे गावाला कळता कामा नये! फोटो अर्थात स्वच्छ निघाला.

मग मुलाचे मामा सदाशिवराव दोन माणसं घेऊन आले. त्यांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, जसं काही त्यांना त्यातलं कळत होतं. समाधान झालं. चहाही झाला. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "मंग डबलरोटी कोनासाठी होती?"

बाबा जमिनीकडे पाहत बसले. मला वाटलं, आता हे आणखी कुणालातरी आजारी पाडतात, बहुतेक मलाच. दारात उभ्या असलेल्या आईलाही तेच वाटलं असावं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माह्यासाठी होती," ती म्हणाली. "त्याच्या चुऱ्यात ढेमशाचे काप तळून खाल्ले मी. मले आवडते."

सदाशिवरावांनी टोपी उचलली. "बिमारी असती तं समजून घेतलं असतं आमी," ते म्हणाले. "पन जिथं मायचीच जीभ अशी, तिथली पोरगी आमच्या घरी काय नांदन?"

हेच सदाशिवराव लग्नाच्या पंगतीत बुंदीचे सहा-सहा लाडू चापायचे, साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्यांच्या जिभेबद्दल कधी कुणी बैठक बसवली नाही. क्षय त्यांना चालला असता. बाईनं "मले आवडते" म्हटलेलं चाललं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले आणि स्थळ मोडलं.

आई चुलीपुढे बसून राहिली. तिथूनच तिनं मला विचारलं, "तुले पसंत होता का तो पोरगा?"

नाही म्हणायला हवं होतं मी. पण आमच्या घरात खोटं आधीच पुरेसं बोलून झालं होतं. मी हो म्हटलं.

"मंग मीच चूप राहाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. बाबांवरचा राग निवला, सदाशिवराव तर आता नीटसे आठवतही नाहीत. पण त्या बैठकीत जे एकच माणूस खरं बोललं, त्यानंच स्वतःला दोष द्यावा, याचा संताप मला आजही तेवढाच येतो.