मथुरानं हात दिला नाही

वाण्याच्या दुकानात फोन आला तेव्हा मी ओसरीवर जवळा निवडत होते. निरोप द्यायला वाणी स्वतः चालत आला, तेव्हाच समजलं की बातमी चांगली नाही. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "करंजावरनं फोन होता. तुमची धाकटी जाऊ होडीत चढताना पाण्यात पडली. बाहेर काढली, पण…" मी हात धुतले. जवळ्याचा वास जाईना म्हणून पुन्हा धुतले. मग आत तिचा नवरा, माझा दीर, दुपारचा झोपला होता, त्याला उठवायला गेले.

त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. गावात अजून बोलतात, मथुरा ताठ्यानं मेली. होडीवाल्यानं हात पुढं केला होता आणि तिनं तो घेतला नाही, हे खरं आहे. का घेतला नाही ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, एवढ्याला ती पुरे.

मथुरा लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा पनवेलच्या आजूबाजूच्या जमिनी नव्या शहरासाठी जात होत्या, पण आमचं मिठागर अजून चालू होतं. उंच, हाडकुळी पोर, बोलणं कमी. लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी दारात कासारीण बसली. बांगडी जरा घट्ट होती, कासारणीनं मनगट धरून हात ओढला आणि मथुराचा चेहरा चुन्यासारखा झाला. ओरडली मात्र नाही. पदर खांद्यावर घेऊन उठली आणि भाताच्या कणग्या होत्या त्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती, तिथं खळगा पडला होता आणि हाड पुढं काखेकडं आलं होतं. मी तोंडावर हात ठेवला, तर तीच मला म्हणाली, "जाऊबाय, ओरडू नका. दार लावा." मग खाली बसली, गुडघा वर घेतला. "माझे दोनी हात गुडघ्याभोवती घाला नि पंजे घट्ट धरा. मी मागं झुकते." मी धरले. ती हळूहळू मागं गेली, खट् असा आवाज झाला आणि हाड जागेवर बसलं. रडली ती त्यानंतर. "आता तुमी सांगनार. मला माहेरी धाडतील."

सांधे तिचे लहानपणापासून सैल. खांदे दोन्ही निखळायचे, उजवा जास्त. झोपेत कूस बदलताना, फळीवर डबा ठेवताना… एकदा तर नुसत्या शिंकेनं. सासरी कळू देऊ नको, असं आईनं बजावून पाठवलं होतं. आईचं काही चुकलं नव्हतं. पलीकडच्या आळीतल्या सुनेला कोड निघालं म्हणून माहेरी पोचवली होती, आणि आमची सासू तेव्हा "बरं केलं" म्हणाली होती. पुढं मथुराला मूलही झालं नाही. मग तर आणखी एक खोट उघडी पडून चालणार नव्हती.

मी तिला म्हटलं, "मी कोनाला बोलनार नाय. पन तू एक कर. कोनाच्या हातात हात द्यायचा नाय. कोनी म्हंजे कोनीच नाय." बारा वर्षं तिनं हे पाळलं. बांगड्या मोठ्या मापाच्या आणायच्या, साबण लावून मीच चढवायच्या. गौरीला बाया फुगड्या घालायच्या आणि ही भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन उभी. कुणीतरी ओढायला यायचीच.

"चल की गो, म्हारानी! हात झिजतील का तुजे?"

दुसरी म्हणायची, "नाय ग, पनवेलच्या बाजारातनं नवे आनलेत, मळतील ते!"

सगळ्या हसायच्या. मथुरा म्हणायची, "तुमी घाला, मला चक्कर येते." मग ती माझ्याकडं बघायची. मीही हसत असायचे. एकटी मी हसले नसते तर कुणाला तरी संशय आला असता.

खांदा गेला की आम्ही दोघी कणग्यांच्या खोलीत. किती वेळा ते मोजलं नाही, पण पुढं पुढं महिन्यातून दोनदा जायचा आणि बसायला वेळ लागायचा. एकदा लुगडं घ्यायचं निमित्त करून मी तिला पनवेलच्या डॉक्टरकडं नेलं. तो म्हणाला, दर वेळी निखळून सांधा आणखी सैल होतो, ऑपरेशन करून बघता येईल, पण हात दोन महिने बांधून ठेवावा लागेल, घरच्या पुरुषाला घेऊन या. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "दोन महिनं हात बांधून बसले तर घरात काय सांगू?" मी म्हटलं, "मग ऱ्हाऊ दे." लुगडं घेतलं आणि घरी आलो. तिनं मला विचारलं होतं. मी वेगळं बोलले असते तर तिनं वेगळं केलं असतं.

करंजा तिचं माहेर, चार दिवस तिथं गेली होती. पलीकडच्या तीरावर मावशी आजारी होती, तिला बघायला निघाली होती. होडीवाला तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आला. म्हातारा माणूस, उंबऱ्याबाहेरच बसला. "बाय, मी हात दिला व्हता. तिनं आपला हात पदराखाली घेतला नि उडी टाकली. होडी सरकली… धक्क्याचा दगड डोक्याला लागला. का घेतला नाय तिनं हात?" ओसरीवर बाया होत्या. एक पुटपुटली, "मेली, पन ताठा सोडला नाय." मी गप्प बसले. बारा वर्षांची सवय.

पाण्यातून काढताना तिला हाताला धरूनच ओढलं असणार. आंघोळ घालायला घेतली तेव्हा उजवा खांदा बाहेर होता. मी तो बसवला. शेजारीण म्हणाली, "आता कशाला?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा हात माझ्या हातात थरथरला नाही.

परसात कपडे वाळत घालायची दोरी आहे. आधी पुरुषाच्या डोक्याइतकी उंच होती. मथुराच्या लग्नाला वर्ष झालं असेल, एका सकाळी दोरी कमरेपर्यंत खाली आलेली दिसली. मला वाटलं, हात वर करायला नको म्हणून हिनंच कुणाचं लक्ष नसताना बांधून घेतली. तेराव्यानंतर मी ती सोडून पुन्हा वर बांधायला गेले. दीर पायरीवर बसला होता. म्हटलं, आता लपवायचं कुणासाठी, आणि सगळं सांगून टाकलं. कासारीण, कणग्यांची खोली, डॉक्टर, सगळं.

तो म्हणाला, "वयनी, मला ठावं व्हतं. झोपेत खांदा जायचा तिचा. मी जागा असायचो. ती तोंडात पदर कोंबून घ्यायची, मग मी डोळं मिटून पडायचो."

"मग बोलला का नाय रं?"

"ती एवढी लपवत व्हती… म्हटलं, लाजंल." मग दोरीकडं बघून म्हणाला, "ती सोडू नका. मीच बांधली हाय."

दोरी मी सोडली नाही. आता तिच्यावर त्याचे सदरे वाळतात. बाह्या मातीला टेकतात आणि ते कपडे मला पुन्हा धुवावे लागतात.