अंगणातला देश

चाकणजवळची आमची जमीन एमआयडीसीत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. लातूर, बिहार, ओडिशा, बंगाल, कुठकुठले कामगार तिथं राहायचे. तरुणपणी कंपनीच्या गेटवर वडिलांनी एका पुढाऱ्याचं भाषण ऐकलं होतं: इथं घाम गाळतो, तो इथला. ते त्यांच्या मनात इतकं बसलं की पंधरा ऑगस्टला अंगणात झेंडा लावायचा आणि दोरी सगळ्यांत नव्या भाडेकरूनं ओढायची, असा नियमच झाला. लग्न मोडून मी परत आले, त्या वर्षी दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. केवढा अभिमान वाटला होता मला त्यांचा!

मग त्यांच्या हातात मोबाइल आला आणि मोबाइलमधून दुसरा पुढारी. दाढी करताना त्याचं भाषण, जेवताना त्याचं भाषण. ‘आपल्यात शिरलेले लोक’ असं तो म्हणायचा आणि थांबायचा. शिरलेले कोण, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. काडी लावायची आणि आपण नामानिराळं राहायचं, याची मला चीड यायची. वडील मात्र घास हातात धरून ऐकत राहायचे.

त्यांनी ठरवलं ते बंगालचं जोडपं. नवरा वेल्डर. बायकोनं माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिला उचलून आंघोळ घातली होती. वडिलांनी त्यांच्याकडे कागद मागितले. त्यांनी होते नव्हते तेवढे आणून दाखवले, सगळे खरे. असले कागद कुणीही करतं, असं म्हणून वडिलांनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली. मी भांडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही.

रविवारी टेम्पो आला. एरवी कुणी खोली सोडली की अख्खी चाळ सामान चढवायला धावते. त्या दिवशी सगळी दारं लोटलेली होती. मी आणि वेल्डरची बायको, दोघींनी मिळून कॉट उचलली. ती रडली नाही. घाईत होती.

संध्याकाळी जेवताना नवं भाषण लागलं. या वेळी पुढारी ‘शिरलेल्यां’ची बाजू घेणाऱ्या आपल्याच घरातल्या माणसांबद्दल बोलत होता. वडिलांनी ते वाक्य मागं घेऊन पुन्हा लावलं. मग मोबाइल बंद केला.

“तू त्यांचं सामान का उचललंस?”

“तिनं आईला उचललं होतं, अण्णा.”

“ते मी इचारलं न्हाई. तू कुणाकडची हाईस, तेवढं सांग.”

आवाज चढलेला नव्हता. कागद मागताना होता तसाच होता, शांत आणि समजुतीचा. मी काय सांगते, याची ते खरोखरच वाट पाहत होते.